सरांचा हात

"हाच तो हात," जालिंदर म्हणाला आणि भाजीच्या पाटीतला दुधी वजनाला उचलावा तसा माझ्या नवऱ्याचा उजवा हात त्याने मनगटाला धरून वर उचलला. "ह्याच हातानं आमाला घडवलं, काकू."

"खाली ठेवा तो," मी म्हणाले.

जालिंदरला ते ऐकू गेलं नाही. माणसाच्या गळ्यात तेवढी जाड साखळी असली की बायकांचं बोलणं कानापर्यंत पोहोचत नसावं. शाळेत गचके खात खात कसाबसा वरच्या वर्गात ढकलला गेलेला हा मुलगा पुढे मामाच्या हाताखाली सालेमला सोनं गाळायला गेला, आणि आता तिकडे त्याची स्वतःची दुकानं होती. आमच्या विट्याकडची कितीतरी पोरं अशीच परमुलखात जाऊन जुनं सोनं गाळून शुद्ध करायचा धंदा करतात. सोन्यातला कचरा त्यांना बरोबर ओळखू येतो. बाकी कशातला ओळखू येत असेल असं मला जालिंदरकडे बघून वाटलं नाही.

"खाली ठेवा म्हणाले ना. मनगटाला धरून उचलायचा नसतो तो. कोपराखाली आधार द्यायचा."

मग त्याने हात सोडला. ठेवला नाही, सोडला. तो सोफ्याच्या कडेवरून खाली लोंबला आणि माझ्या नवऱ्याचं आधीच वाकडं झालेलं तोंड आणखी वाकडं झालं. पण विद्यार्थ्यापुढे सर कण्हत नसतात. जड जिभेने ते म्हणाले, "असू दे, असू दे. हिला सूचना द्यायची सवय आहे."

दोघंही हसले. मी हात उचलून उशीवर ठेवला आणि चहा टाकायला आत गेले.

माझ्या नवऱ्याला अख्खं विटं म्हेत्रे सर म्हणायचं. आता इतक्या वर्षांनी सांगताना मी त्याला सरळ ‘तो’ म्हणते. तेव्हा ‘अहो’ म्हणत होते. हायस्कुलात तो गणित आणि पी.टी. शिकवायचा. गणितात त्याचं कुणी नाव काढल्याचं मला आठवत नाही. त्याची ख्याती होती ती थपडेची. सरांची थप्पड म्हणजे काय, हे सांगताना गावातली जाणती माणसं लहान मुलांसारखी खुलायची. एकाच्या कानाचा पडदा फाटला होता. तो पुढे तहसील कचेरीत चांगल्या हुद्द्यावर गेला, आणि आपण डाव्या कानाने ऐकतच नाही हे तो चारचौघांत पदक दाखवल्यासारखं सांगायचा. सरांचा हात पडला नसता तर आपण वाया गेलो असतो, हे प्रत्येकाचं ठरलेलं वाक्य. ज्यांच्यावर हात पडला आणि तरीही जे वाया गेले, ते अर्थात भेटायला येत नसत.

त्याला झटका आला तो एका सोमवारी सकाळी. मी त्या दिवशी बार्शीच्या गाडीने जाणार होते, ते राहिलं. न्हाणीघरात पडलेला आवाज आला, मी धावले, आणि पाठोपाठ त्याचा धाकटा भाऊ बाजीराव धावला. बाजीराव भाऊजी शेजारीच राहायचे. जन्मभर तालमीत अंग घुसळलेला माणूस. त्यांनी दादाला उजव्या हाताला धरून एका हिसक्यात उभं केलं. नंतर दवाखान्यातून घरी आणल्यावरही रोज सकाळी येऊन तेच. "उठा दादा," म्हणायचं आणि हात धरून ओढायचं. मी नको म्हटलं तर, "वैनी, रग गेली पायजे हाताची. पडून ऱ्हायला तर वाळंल त्यो."

महिना सरता सरता खांदा खाली उतरला. शर्ट काढल्यावर दिसायचं, खांद्याच्या टोकाखाली खड्डा. हात हलला की तो ओरडायचा. मग मिरजेला फिजिओथेरपीच्या मुलाणी मॅडमकडे गेलो.

तहसीन मुलाणी वयाने माझ्या मुलीएवढी असेल. मुलगी लग्न होऊन लांब गेली होती, फोनवर रडायची आणि बाबांना जप म्हणायची. मॅडम मात्र रडारडीतल्या नव्हत्या. त्यांनी माझं बोट धरून त्याच्या खांद्यावर ठेवलं. हाडाखाली बोट आत गेलं.

"इथं पोकळी नको," त्या म्हणाल्या. "खांद्याची वाटी उथळ असते काकू. गोळा तिच्यात बसवून ठेवतात ते स्नायू, आणि ते आत्ता झोपलेत. हाताचं वजन दिवसभर खाली ओढतंय. त्यात कुणी मनगटाला धरून ओढत असेल तर..." त्यांनी बाजीराव भाऊजींकडे पाहिलं. भाऊजींनी छताच्या पंख्याकडे पाहिलं.

मग त्यांनी माप घेऊन एक बंडी मागवून दिली. कातडीच्या रंगाची, रबरासारख्या ताणाच्या कापडाची. उजव्या बाजूला मनगटापर्यंत पूर्ण बाही, डाव्या बाजूला बाहीच नाही, आणि खांद्यावरून छातीवर व पाठीवर जाणारे दोन रुंद पट्टे. अंगात घातली की दंडाला, खांद्याला चारी बाजूंनी घट्ट आवळून धरायची.

"हिनं हात बरा होतो?" मी विचारलं.

"नाही. खोटं सांगणार नाही. हात आला तर मेंदूनं आणि व्यायामानं येईल. तो यायच्या आत खांदा निसटून बसू नये, एवढंच हिचं काम. खांदा गेला तर दुखणं इतकं वाढतं की माणूस हाताला हात लावू देत नाही. मग व्यायाम बंद, आणि मग हातही गेला."

"आणि राहिला जागेवर तर? स्वतःचं स्वतः करतील?"

"बऱ्यापैकी. जेवण, आंघोळ, कपडे."

"कुणाच्याही मदतीशिवाय?"

"ही बंडी घालणं सगळ्यात अवघड असतं. ज्या दिवशी हे ती स्वतःची स्वतः घालतील, त्या दिवशी घरात दुसरं माणूस नसलं तरी चालेल असं समजा."

हे वाक्य मी मिरजेहून विट्याला येईपर्यंत मनात घोळवत राहिले. निघताना मॅडम म्हणाल्या, "काकू, सरांवर फार जीव आहे तुमचा." मी पदर सावरला.

बंडी घालणं ही रोज सकाळची झटापट होती. दंडाला पावडर लावायची, बाही गोळा करून आधी दुखरा हात आत घालायचा, मग हळूहळू खांद्यापर्यंत चढवायची, मग डोकं, मग चांगला हात. काढताना उलटं, दुखरा हात सगळ्यात शेवटी. माझा घाम निघायचा आणि तो शिव्या घालायचा. त्या बंडीला तो चोळी म्हणायचा. जन्मभर शिट्टी फुंकलेल्या माणसाला बायकोने चोळी घालावी, यापेक्षा मेलेलं बरं, असं म्हणायचा. मरायची तयारी मात्र दिसत नव्हती; दूध वेळेवर लागायचं.

शेजारणी म्हणायच्या, प्रमिलाताई म्हणजे सावित्री. नवरा मरणाच्या दारातून ओढून आणला. वटपौर्णिमेला कुणीतरी माझ्याच पाया पडून गेलं. मला त्या बायकांची कीव यायची आणि रागही यायचा. यांची घरं आमच्या भिंतीला भिंत लावून होती. इतकी वर्षं भिंतीपलीकडचं काहीच कसं ऐकू आलं नाही यांना?

तर जालिंदर आला होता तो आमंत्रण द्यायला. त्याच्या बॅचचा स्नेहमेळावा होता. कोण सालेमहून, कोण कोइमतूरहून, कोण पार कलकत्त्याहून येणार होतं. शाळेच्या हॉलमध्ये सरांचा सत्कार, शाल, श्रीफळ, फेटा. "आणि काकू, तुमची ओटी भरायची हाय," जालिंदर चहा ओतता ओतता म्हणाला. "तुमी हाय म्हणून सर हायत."

"यांना फार वेळ बसवता येणार नाही," मी म्हणाले. "आणि हाताला कुणी हात लावायचा नाही."

"ती जबाबदारी माजी," जालिंदर म्हणाला आणि बशी तोंडाला लावली.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी पहिली ठिणगी पडली.

"आज चोळी नको," तो म्हणाला.

"मग आज कार्यक्रमही नको."

"मला तिथं हसवणार आहेस तू."

"शर्टाच्या आतून कोण बघतंय? लांब बाहीचा शर्ट काढलाय. बंडी घालाल तर नेईन, नाहीतर जालिंदरला फोन करते."

त्याने माझ्याकडे बघितलं. ती नजर माझ्या ओळखीची होती. झटक्याआधी त्या नजरेनंतर काय व्हायचं हेही मला पाठ होतं. पण आता नजरेच्या पुढचं काही त्याला करता येत नव्हतं, म्हणून त्याने मान वळवली आणि दंड पुढे केला. मी पावडर लावली.

हॉल फुलांनी सजवला होता. फलकावर त्याचा जुना फोटो, पांढरी अर्धी बाही, गळ्यात शिट्टी. गाडीतून उतरल्या उतरल्या शेठ लोकांचा घोळका त्याच्या पायांवर कोसळला. मी एकेकाला सांगत होते, हाताला नको, हाताला नको. बाजीराव भाऊजी म्हणाले, "वैनी, तुमी निवांत बसा बायकांत. दादाकडं मी हाय." आणि विद्यार्थ्यांच्या दोन बायकांनी मला धरून पुढच्या रांगेत नेऊन बसवलं. हळदकुंकू झालं, खण-नारळाने ओटी भरली, गजरा माळला. एक मुलगी माझ्या कानाशी म्हणाली, "आमचे हे सांगतात, सरांच्या हातात जादू होती."

मी म्हणाले, "होती खरी."

तेवढ्यात टाळ्यांचा गजर झाला. बाजीराव भाऊजी त्याला शिक्षकांच्या खोलीतून घेऊन व्यासपीठावर येत होते. डोक्यावर भगवा फेटा, गळ्यात शिट्टी, आणि अंगात नवा कोरा पांढरा अर्ध्या बाहीचा टी-शर्ट, अगदी फलकावरच्या फोटोसारखा. पोरांची ती हौस होती. उजवा हात उघडा, पांढुरका, कोपरापासून खाली लोंबता. बंडी अंगात नव्हती. अर्ध्या बाहीखालून ती दिसली असती ना. त्या खोलीत दोघा भावांनी मिळून ती कशी ओरबाडून काढली असेल, कुठला हात आधी ओढला असेल, हे माझ्या डोळ्यांपुढे आलं आणि मी उठले. पण पुढच्या रांगेत मांडीला मांडी लावून बसलेल्या बायका, ओटीतले तांदूळ, नारळ; मला लवकर बाहेर पडता येईना.

जालिंदर माइकवर होता. "मित्रहो, सत्कार नंतर. आधी आपल्याला काय पायजे?"

"सरांचा हात," सगळा हॉल म्हणाला.

आणि रांग लागली. कोट घातलेली, टक्कल पडलेली, पोटं सुटलेली माणसं शाळेतल्यासारखी रांगेत उभी राहिली. पहिला आला, वाकला, सरांचा उजवा हात त्याने मनगटाला धरून उचलला आणि त्यांचा तळवा आपल्याच गालावर फटकन मारून घेतला. फोटोवाल्याने फोटो काढला. हशा, टाळ्या. दुसरा आला. त्याने दोन्ही गालांवर मारून घेतला. तिसऱ्याने आपल्या बायकोला वर बोलावलं, तिने बघावं म्हणून. बहिऱ्या कानाचा तहसील कचेरीवालाही होता. त्याने हात मुद्दाम त्याच कानावर आपटून घेतला आणि डोळ्यांना रुमाल लावला. प्रत्येक वेळी हात वर जायचा, खाली पडायचा. प्रत्येक वेळी खांद्याखालचा खड्डा टी-शर्टातून मला दिसायचा. आणि तो, खुर्चीत बसलेला, घामाने डबडबलेला, दात आवळून हसत होता. इतकं दुखत असताना माणूस का हसतो? कौतुकासाठी. त्याला त्या क्षणी विचारलं असतं, हात हवा की टाळ्या, तर त्याने टाळ्याच मागितल्या असत्या.

मी व्यासपीठावर पोहोचले तेव्हा मनगट जालिंदरच्या हातात होतं. मी त्याची बोटं एकेक करून सोडवली, कोपराखाली माझा तळहात लावला आणि हात नवऱ्याच्या मांडीवर टेकवला.

"रांग मोडा," मी म्हणाले. "झालं तेवढं पुरे."

"काकू, असं काय करताय," जालिंदर माइकमध्येच बोलला. "पोरं लांबनं आल्यात. सरांचा हात पडला की नशीब उघडतं. तुमाला नाय कळायचं ते."

"मला नाही तर कुणाला कळणार?"

माइक जवळ होता. माझा आवाज सगळ्या हॉलभर गेला. मग मागून कुणीतरी ओरडलं, "म्हणजे काकूंनीबी खाल्ल्यात व्हय?"

सगळा हॉल हसला. पुढच्या रांगेतल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. बाजीराव भाऊजी मांडीवर थाप मारून हसले. जालिंदर हसत हसत म्हणाला, "मग काकू आमच्याच बॅचच्या म्हणायच्या." पुन्हा टाळ्या.

मी माझ्या नवऱ्याकडे बघितलं. तोही हसत होता. अर्ध्याच तोंडाने, कारण दुसरं अर्धं चालत नव्हतं.

मला माणसांची घृणा वाटली असे प्रसंग आयुष्यात पुष्कळ आले. पण एवढी, एकदम इतक्या माणसांची, त्याआधी कधी वाटली नव्हती. पंचवीस-तीस वर्षं जे मी कुणालाही सांगू शकले नव्हते ते माझ्या तोंडून भर सभेत निघून गेलं होतं, आणि ते ऐकून यांना गंमत वाटली. खरं नाही असं कुणालाच वाटलं नव्हतं. सगळ्यांना ते खरंच वाटलं होतं आणि म्हणूनच ते हसले होते.

मी शिक्षकांच्या खोलीत गेले. बंडी टेबलाखाली चुरगाळून पडली होती. मी ती झटकली, घडी केली, ओटीतला नारळ टेबलावर ठेवून दिला आणि त्याच्या जागी पदरात बंडी घेतली.

आता बार्शीच्या गाडीचं सांगते. त्या सोमवारी मी पाहुणी म्हणून जाणार नव्हते. माझी मैत्रीण तारा कुलकर्णी तिथे मुलींचं वसतिगृह चालवायची. तिला रेक्टर हवी होती आणि मला घर सोडायचं होतं. आमटीत मीठ कमी, थप्पड. मुलीने उशीर केला, थप्पड मला. पेन्शनीच्या कागदावर मी सही चुकीच्या जागी केली, थप्पड. त्याच हाताची, तीच, जिच्यासाठी कलकत्त्याहून माणसं आली होती. मुलीचं लग्न झालं तेव्हाच मी ठरवलं होतं. बॅग भरून पलंगाखाली ठेवली होती, तो आंघोळीला गेला होता, आणि तो न्हाणीघरात पडला.

बॅग तशीच राहिली. मला जाता आलं असतं. बाजीराव भाऊजी होते, पैशाला कमी नव्हती, एखादी बाई ठेवता आली असती. पण लुळ्या माणसाला टाकून गेले असते तर तो खाटेवर पडलेला मला जन्मभर दिसत राहिला असता, आणि मला त्याची दया यायला लागली असती. मला त्याची दया बरोबर न्यायची नव्हती. मला त्याचा राग न्यायचा होता, स्वच्छ आणि पूर्ण. त्यासाठी त्याने स्वतःच्या पायावर उभं राहायला हवं होतं आणि स्वतःच्या हाताने कपडे घालायला हवे होते. तोवर मी सावित्री.

दुसऱ्या दिवशी मिरजेला गेलो. मुलाणी मॅडमनी खांदा चाचपला. मग त्याला विचारलं, "कुणी केलं हे?"

"विद्यार्थी आहेत माझे," तो म्हणाला. "प्रेम आहे त्यांचं."

"प्रेमानं खांदा उतरला तरी उतरलेलाच असतो, सर," त्या म्हणाल्या. हाड मोडलं नव्हतं, एवढं नशीब. सूज उतरेपर्यंत काहीच करायचं नाही, मग पुन्हा पहिल्यापासून.

पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा पावडर, पुन्हा बाही, पुन्हा शिव्या. मी बाजीराव भाऊजींना दारातच सांगितलं की दादाला भेटायचं तर लांब बसायचं, आणि हात लावलात तर मी चार माणसांत बोलेन. मी चार माणसांत बोलते हे त्यांनी पाहिलं होतं. ते लांब बसायला लागले.

पावसाळा संपता संपता जालिंदरने फ्रेम पाठवून दिली. केवढी मोठी, सोनेरी काठाची. फोटोत जालिंदर डोळे मिटून धन्य झालेला आणि त्याच्या गालावर सरांचा हात; एका कडेला धावत येणारी मी, अर्धी कापलेली.

"समोरच्या भिंतीवर लाव," तो म्हणाला.

मी ती मागच्या पडवीत नेली आणि धान्याच्या पिंपावर झाकण म्हणून ठेवली. पिंपाचं झाकण फुटलंच होतं. माप बरोबर बसलं.

परत आले तर तो खुर्चीतून अर्धा उठला होता. रागाने लाल. "कुठं ठेवलीस?"

"पिंपावर. काच वर केलीय, तुमचं तोंड दिसतंय."

आणि त्याचा उजवा हात उठला. डावा नाही, उजवा. खांद्याशी बंडी ताणली गेली, कोपर वाकलं, बोटं अर्धवट उघडली आणि हात छातीपर्यंत वर आला. व्यायामात मॅडम घसा कोरडा करून सांगायच्या तेव्हा जो बोटभर हलायचा नाही, तो हात मला मारायला मात्र आपण होऊन आला. तिथे येऊन तो थरथरत थांबला. आम्ही दोघंही त्याच्याकडे बघत राहिलो.

मला भीती वाटली नाही. खरं सांगायचं तर मला इतका आनंद झाला की मला हसू आवरेना.

"उठला की," मी म्हणाले. "अजून थोडा वर घ्या. कोपर सरळ करा."

त्याने हात खाली घेतला. तो मटकन खुर्चीत बसला आणि दुसऱ्या हाताने तोंड झाकलं.

"मिरजेला सांगायला हवं," मी म्हणाले. "पण कशानं उठला ते तुम्ही सांगायचं. मी सांगणार नाही."

त्याने सांगितलं नाही. हात आला एवढंच सांगितलं. मुलाणी मॅडमनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर मात्र तो व्यायाम मन लावून करायला लागला. का, ते त्याचं त्याला ठाऊक. हिवाळाभर हात थोडा थोडा वर चढत गेला. आधी छाती, मग हनुवटी. चमचा धरता आला. बटणं लागायला लागली. मी मदत करणं एकेक करून सोडत गेले. तो हाका मारायचा आणि मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकायचे, तो स्वतः करेपर्यंत. शेजारणींना वाटलं, आता प्रमिलाताई जरा थकल्या.

एका सकाळी मी दारात उभी राहून पाहिलं. त्याने बंडी मांडीवर पसरली, बाही गोळा केली, डाव्या हाताने उजवा हात आत घातला, खांद्यापर्यंत चढवली. मग डोकं. मग डावा हात. खालची कड वर गुंडाळली होती, ती त्याने उजव्या हाताच्या दोन बोटांनी खाली ओढली. घामाघूम झाला होता. मी उभी आहे हे कळल्यावर म्हणाला, "बघ. जमलं."

"परत काढून घाला," मी म्हणाले.

"का?"

"एकदा चुकून जमलं असेल."

त्याने काढली. पुन्हा घातली. मी पूर्ण बघितलं. मग वाकून पलंगाखालून बॅग ओढली. वर धुळीचा थर बसला होता. तो पुसला. आतल्या साड्या तशाच होत्या, फक्त घडीवर पिवळ्या पडल्या होत्या.

"कुठं निघालीस?"

"बार्शीला. ताराकडे."

"कधी येणार?"

मी चपला घालत होते. त्याला तेव्हा समजलं. हे सगळं इतके दिवस कशासाठी चाललं होतं तेही समजलं असावं, कारण त्याने स्वतःच्या अंगातल्या बंडीकडे एकदा पाहिलं.

"ह्या अवस्थेत सोडून जातेस मला?"

"ह्याच अवस्थेची वाट बघत होते."

मी बॅग उचलली. माझ्याआधी तो दाराशी गेला. पाय आता बरा चालत होता. दारात वळून त्याने वाट अडवली आणि उजवा हात उचलून समोरच्या चौकटीला लावला. कुणी धरलेला नव्हता, कुणी ओढलेला नव्हता. पहिल्यांदाच कोपर सरळ ठेवून पुरता खांद्याएवढा वर आला होता आणि तिथे टिकला होता. दंडावर कातडीच्या रंगाची ती बाही नीट बसली होती, कुठे सुरकुती नव्हती.

मी खांद्याकडे निरखून बघितलं. खड्डा नव्हता. जागेवर होता.

मग मी खाली वाकले आणि त्याच्या हाताखालून बाहेर पडले.